सांगली किती लांब

पद्मानं सायकल उंबराच्या बुंध्याला टेकवली, पदर खोचला, उकिडवी बसली आणि स्वतःच्या हातानं चेन उतरवून ठेवली.

“अगं, काय करतेस?” मी विचारलं.

“चेन पडलीय,” ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

समोर कृष्णेची मळी पसरली होती. पूर ओसरला की काठावर गाळ राहतो, त्या गाळाच्या जमिनीला आमच्याकडे मळी म्हणतात. मळीत वांग्याचे वाफे होते, वाफ्यांपलीकडे नदी आणि नदीपलीकडे उसाची सपाट हिरवी पट्टी. कुठं म्हणून चढ नाही की उतार नाही. नजर जाईल तिथवर जमीन ताटासारखी. बाराचा सुमार असेल. उंबराखालची पायवाट सुळगावात जात होती आणि पद्मा त्या पायवाटेकडे बघत बसली होती.

“नलू, तुला एक सांगायचंय,” ती म्हणाली. “आधीच सांगायला हवं होतं. पण तू आली नसतीस.”

ही अठ्ठ्याऐंशी सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. मी आणि पद्मा मगदूम सांगलीतल्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होतो. मी चौतिशीची, ती माझ्याहून वर्षानं लहान. माझ्या घरी नवरा, सासूबाई, दोन मुलं. पद्मा एकटीच, गावभागात एका खोलीत राहायची. लग्न झालं होतं, टिकलं नाही, एवढंच शाळेत सगळ्यांना माहीत होतं. कुणी जास्त विचारलं की ती हसून पाटीवर काहीतरी लिहायला वळायची.

सायकलचं वेड तिचं. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघायचो. तीन दिवस. पिशवीत दोन साड्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पंक्चरचं सामान. पहिल्या वर्षी नदीच्या वरच्या अंगाला औदुंबरला गेलो, दुसऱ्या वर्षी खालच्या अंगाला नरसोबाच्या वाडीला. एस.टी. जिथं तासाभरात पोचते तिथं पोचायला आम्हाला दोन दिवस लागायचे. पायी चालणाऱ्या माणसाशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगानं सायकल हाणायची, हा पद्माचा नियम. त्यामुळे कुणाच्या मळ्यात गुऱ्हाळ सुरू असलं की आम्ही उतरणार. रस ओतताना बघणार. कुणी म्हातारी वैरणीचा भारा घेऊन चालली असेल तर तो आमच्या कॅरिअरवर चढणार आणि आम्ही तिच्याबरोबर तिच्या घरापर्यंत सायकल हातात धरून जाणार. लोक विचारायचे, “कुणाकडं आलाय?” पद्मा म्हणायची, “कुणाकडंच नाही.” त्यांना ते पटायचं नाही.

आमच्या ह्यांनाही पटायचं नाही. पण त्यांनी कधी अडवलं नाही. “जा, पण कुठल्या भानगडीत पडू नका,” एवढं दर वेळी म्हणायचे.

वर्षातले ते तीन दिवस माझे होते. सकाळी उठल्याबरोबर कुणाचा चहा नाही, कुणाचा डबा नाही. ते दिवस मला किती प्रिय होते हे मी कुणाजवळ बोलले नाही. पण या गोष्टीत ते सांगायला हवं.

तिसऱ्या वर्षी आम्ही वाडीवरून पुढं कुरुंदवाडला गेलो. तिथं पद्माची चंपामावशी राहायची, तिच्याकडे मुक्काम केला. सकाळी मी अंगण झाडून घेतलं तोवर मावशी आणि पद्मा चुलीपाशी हळू आवाजात काही बोलत होत्या. मी आत गेले तशा गप्प झाल्या. चहा घेताना पद्मा म्हणाली, “आज नावेनं पलीकडे जाऊ. सुळगावला.” मी म्हटलं, जाऊ की. मला कुठलंही गाव सारखंच होतं.

आणि आता उंबराखाली बसून ती सांगत होती.

सुळगाव तिचं सासर. भूपाल चौगुले तिचा नवरा. त्याचा हात चालायचा. पाच वर्षं तिनं सोसलं. एका दुपारी भरल्या हौदापाशी त्यानं तिला इतकं मारलं की शेजारच्या बायका मध्ये पडल्या. त्याच दुपारी ती पिशवी घेऊन निघाली. मुलगी चार वर्षांची. तिला कडेवर घेतलं होतं. सासूनं उंबऱ्यात मुलीला काढून घेतलं. म्हणाली, “तुला जायचं तर जा. आमचं रक्त हितंच राहील.” आणि आत जाऊन कडी लावली.

“दार वाजवलं मी,” पद्मा म्हणाली. “तासभर वाजवलं असेल. मग वाटलं, आठ दिवसांनी भावाला घेऊन येऊ. भाऊ आला नाही. म्हणाला, मुलगी त्यांची, नोकरी बघ, विसर. मी डी.एड. केलं, नोकरी लागेपर्यंत तीन वर्षं गेली. तोवर नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. सात वर्षं झाली, नलू. मी तिला बघितलेली नाही.”

मी तिचा हात धरला. हात गार होता, चेनच्या तेलानं काळा झालेला.

“मावशी म्हणते, ती रोज दुपारी मळीतल्या गड्यांना भाकरी घेऊन येते. याच वाटेनं.”

“तू तिला भेटणार आहेस?”

“बघणार आहे. मी कोण ते सांगणार नाही. तूही सांगायचं नाहीस. शप्पथ घे.”

“घेतली.”

“घरात काय सांगितलंय तिला कुणास ठाऊक. ती मला विसरली असेल तर सुखी आहे ती, मी तिच्या वाटेला जाणार नाही. पण तिला माझी जराजरी आठवण असली ना, तर मी भांडणार आहे. आता मला नोकरी आहे, खोली आहे. वकिलाशी बोललेय मी. कोर्टात जाईन, त्या दारात जाऊन बसेन. पण तिनं मागितलं तर. तिला ओढून नाही नेणार.”

तिनं हे असं स्पष्ट सांगितलं होतं. मला नीट ऐकू आलं होतं. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावत होते की तेव्हा मला तितकंसं कळलं नव्हतं. कळलं होतं.

साडेबाराच्या पुढं मुलगी मळीकडून परत येताना दिसली. डोक्यावर भाकरीची रिकामी बुट्टी, अंगात निळा परकर-पोलका, पाय धुळीनं पांढरे. वयाच्या मानानं उंच. चालताना डावा हात जरा जास्त हलवायची. पद्मा अशीच चालते, शाळेत मुलं तिची नक्कल करायची. मी पद्माकडे बघितलं. ती चेनकडे बघत होती.

मुलगी थांबली. “चेन पडली काय?”

“हो गं. बसेना झालीय,” पद्मा म्हणाली. तिचा आवाज अगदी वर्गातल्यासारखा होता.

“सरा जरा. आप्पांची रोज पडत्या.” तिनं बुट्टी खाली ठेवली आणि बसली. मागचं चाक उचलायला मला सांगितलं. चेन दातांवर टेकवून हातानं पायडल फिरवलं. एका फेऱ्यात बसली.

“कुठल्या तुम्ही?”

“सांगलीच्या,” मी म्हणाले.

“सायकलनं आलाय? बायका बायकाच?”

“हो.”

“कशाला?”

“नदी बघायला.”

“नदी सांगलीलापण हाय की,” ती म्हणाली, आणि आम्ही तिघीही हसलो. पद्मासुद्धा.

“नाव काय तुझं?” पद्मानं विचारलं.

“त्रिशला भूपाल चौगुले.”

“कितवीत?”

“सहावीत. पहिला नंबर हाय माझा. गणितात सोडून.”

“गणितात का नाही?”

“व्याज येत नाही.”

“येईल. सोपं असतं,” पद्मा म्हणाली. मग तिनं कमरेचा रुमाल काढला, मुलीचा हात हातात घेतला आणि तेल पुसू लागली. एकेक बोट. बोटांच्या मधली जागा. नखं. तेल निघत नव्हतं, नुसतं पसरत होतं, तरी ती पुसत राहिली. मुलगी आधी रुमालाकडे बघत होती. नंतर पद्माच्या तोंडाकडे बघायला लागली, आणि तिनं हात काढून घेतला नाही.

“रुमाल भिजवून आणते,” असं काहीतरी पुटपुटत पद्मा उठली आणि नदीकडे गेली. घाट जवळच होता, पण तिथलं बोलणं ऐकू जाईल इतका जवळ नव्हता.

मुलगी तिच्या पाठीकडे बघत राहिली.

“त्या मास्तरीण हायत?”

“हो, आम्ही दोघी शिकवतो.”

तिनं बुट्टी उचलली, परत खाली ठेवली. मग खाली बघत, भरभर बोलली, “आमच्या वर्गातली सुवर्णा म्हणत्या, माझी आई मेली नाही. सांगलीला मास्तरीण हाय म्हणत्या. आजी म्हणत्या मेली. आजीला विचारलं तर मारत्या.” तिनं मान वर केली. “त्या माझी आई हायत काय?”

तिचे डोळे पद्माचे होते. मी पुढची वीस वर्षं त्या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. भाजी निवडताना, पेपर तपासताना. “त्यांनाच विचार” एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. शपथही मोडली नसती. हातानं घाटाकडे दाखवलं असतं तरी पुरलं असतं.

मी म्हणाले, “नाही गं. त्यांना मूलबाळ नाही.”

पहिलं वाक्य मी शपथेमुळं बोलले असं म्हणता येईल. दुसरं बोलायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

मुलीनं बुट्टी डोक्यावर ठेवली आणि गावाच्या वाटेला लागली. पळाली नाही, रडली नाही. चिंचेच्या वळणापाशी तिनं एकदा मागं बघितलं. माझ्याकडे नाही, घाटाकडे. मग वळली.

पद्मा ओला रुमाल घेऊन आली. “गेली?”

“गेली. उशीर झाला म्हणाली.”

पद्मा वळणाकडे बघत उभी राहिली. रुमालातून पाणी ठिबकत होतं. “काय बोलत होती तुझ्याशी?”

मी सायकलचं स्टँड काढलं. “सांगली किती लांब, विचारत होती.”

“माझ्याबद्दल काही?”

“नाही.”

“काहीच नाही?”

“नाही गं. लहान आहे. तिला काय आठवणार?”

तिनं मान हलवली. दोनतीनदा हलवली. मग रुमाल पिळला, नीट घडी केली आणि सायकलवर बसली.

नाव लागते तिथं आलो तर नाव पलीकडच्या काठाला होती. नावाडी जेवायला बसलेला. अर्धा तास आम्ही वाळूत बसून होतो. गाव मागं दिसत होतं, जैन बस्तीचं शिखर, कौलं, धूर. पद्मा एकदाच बोलली. म्हणाली, “बरं झालं. खरंच बरं झालं. तिला कशाची कमी दिसत नाही.” मी हो म्हणाले. त्या अर्ध्या तासात मी चारपाच वेळा तोंड उघडलं असेल. एकदा तर “पद्मा” अशी हाकसुद्धा मारली. तिनं वळून बघितलं तेव्हा म्हणाले, “दशमी खातेस?”

का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर ती तिथूनच परत फिरली असती. चौगुल्यांच्या दारात तमाशा झाला असता, गाव जमलं असतं, मी तिथं एकटी बाई. ह्यांना काय सांगणार होते? ही एक बाजू. ती खरी आहे आणि बरीच वर्षं मला पुरली. पण दुसरीही आहे. मुलगी आली असती तर पद्मा आई झाली असती. मग पुढच्या दिवाळीला तिच्याही घरी डबा असता, अभ्यास असता, आजारपण असतं, माझ्या घरी होतं तसं. माझे तीन दिवस गेले असते. हे मी असं शब्दांत तेव्हा म्हणाले नव्हते. पण तोंड मिटत होतं ते यामुळंच मिटत होतं.

पुढच्या दिवाळीला मी विचारलं, “यंदा कुठं?” पद्मा म्हणाली, “गुडघा दुखतोय गं.” त्याच्या पुढच्या वर्षी मी विचारलं नाही. तिनं सायकल शाळेच्या शिपायाला देऊन टाकली.

मैत्री मात्र राहिली, उलट वाढली. ती रविवारी आमच्याकडे यायची. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा रात्रपाळी करावी तशी येऊन बसायची. माझ्या धाकट्या मुलीला, मीराला, तिनं चौथीच्या स्कॉलरशिपला बसवलं, पुढं दहावीपर्यंत रोज संध्याकाळी गणित शिकवलं. मीरा बोर्डात गणितात पहिल्या दहांत आली. पेढे घेऊन आम्ही दोघी तिच्या खोलीवर गेलो. पद्मानं मीराला जवळ घेतलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही.

दोन हजार एक सालच्या जून महिन्यात, शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता, एका संध्याकाळी पद्मा आली. एरवी ती सरळ स्वयंपाकघरात यायची. त्या दिवशी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली. मी चहा टाकायला निघाले तर म्हणाली, “नको. बस.”

मी बसले.

“त्रिशला आली होती. रविवारी. माझा पत्ता शोधत शाळेत गेली, शिपायानं खोलीवर आणलं.” ती थांबली. “तिची आजी वारली गेल्या महिन्यात. जाताना खरं काय ते सांगून गेली.”

“मग?” मी म्हणाले.

“चोवीस वर्षांची झालीय. सातवीनंतर शाळेतनं काढली तिला. सावत्र भावंडं सांभाळायला. त्यानंतर मळी, धुणी, जनावरं. पहिला नंबर होता तिचा, आठवतं तुला?”

“आठवतं.”

“दिवसभर बसली होती माझ्याजवळ. आई म्हणायला जमत नाही म्हणाली. बाई म्हणते मला.” पद्मानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “निघताना म्हणाली, तुम्ही एकदा सायकलवरून आला होता ना. मी ओळखलं होतं. तुमच्याबरोबरच्या बाईंना विचारलंपण होतं. त्या नाही म्हणाल्या.”

खिडकीबाहेर कुणीतरी नळावर बादली लावली होती. ती भरून वाहू लागली.

“विचारलं होतं तिनं?”

“हो.”

“आणि तू नाही म्हणालीस.”

“तूच शप्पथ घातली होतीस, पद्मा. सांगायचं नाही म्हणून. मी तुझीच शपथ पाळली.” हे वाक्य मी तेरा वर्षं तयार ठेवलं होतं. बोलताना ते मला अगदी बरोबर वाटलं.

पद्मानं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता तिच्या नजरेत. एखाद्या मुलानं चुकीचं उत्तर ठाम आवाजात दिलं की ती वर्गात बघायची, तशी बघत होती.

“तिला सांगायचं नाही, असं म्हणाले होते,” ती म्हणाली. “मला सांगायचं नाही, असं कुठं म्हणाले होते?”

ती उठली, चपला घातल्या. जिन्यावरून तिची पावलं खालपर्यंत ऐकू आली. मी दारापर्यंतही गेले नाही.

शाळेत ती माझ्याशी बोलायची. हजेरीपत्रकाचं, सहलीचं, परीक्षेच्या पर्यवेक्षणाचं. कधी चढ्या आवाजात बोलली नाही, कुणाजवळ माझ्याबद्दल वाईट बोलल्याचंही कानावर आलं नाही. रविवारी मात्र आली नाही.

त्याच वर्षी मार्गशीर्षात त्रिशलाचं लग्न झालं, मिरजेत, एका लहानशा कार्यालयात. पत्रिका शाळेतल्या सगळ्यांना होती, तशी मलाही होती. जाऊ नये असं वाटत होतं, पण ह्यांना कारण काय सांगणार? गेले. पद्मा हिरव्या काठाच्या साडीत लोकांना बसा-बसा म्हणत फिरत होती. मुलीच्या मागं उभं राहून तिनं अक्षता टाकल्या. चौगुल्यांकडून कुणी आलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर नवरानवरी पाया पडायला सगळ्यांपुढून फिरली. पद्मा त्यांच्याबरोबर होती, एकेकाची ओळख करून देत. हे माझे थोरले बंधू. ही चंपामावशी, हिला तर तू ओळखतेसच. माझ्यापुढं आली तेव्हा त्रिशला वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

जावई विचारणाऱ्या नजरेनं पद्माकडे बघत होता.

“ह्या नलिनीबाई,” पद्मा त्याला म्हणाली. “आमच्या शाळेत आहेत.”